हो, जयगड ते मालगुंड मी टेम्पोतून गेलो

पुणे ते गोवा, एकट्याने, सायकलवर, किनाऱ्याच्या रस्त्याने. हे कळलं की लोक आधी पंक्चरचं विचारतात, मग मुक्कामाचं. आणि ज्याला आतली खबर असते तो डोळे बारीक करून विचारतो, "पण मधे गाडीत बसला होतात ना?" चार वर्षं झेलतोय. एकदाच सांगून टाकतो.

बसलो होतो. पंधरा-सोळा किलोमीटर. बाकी सगळं पायांनी, फेरीबोटी सोडून. फेरीबोटीबद्दल कुणी विचारत नाही, बरं का.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो असं फक्त नकाशा बघणाऱ्याला वाटतं. दर खाडीला पाण्यापर्यंत उतरा, पलीकडे जा, की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, चढा. त्या दिवशी गुहागरहून रत्नागिरी गाठायची होती, ऐंशीच्या आसपास. फेब्रुवारी संपत आलेला. निघायलाच साडेआठ झाले. हेदवीच्या गणपतीला खालूनच हात जोडले. तवसाळला पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली, पुढची येईपर्यंत बसून राहिलो आणि पाणी पीत राहिलो. साधं पाणी, तीन बाटल्या. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. घामातून मीठही जातं, वर नुसतं पाणी ढोसलं की उरलेलंही पातळ होतं. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

जयगडला उतरलो. दुसऱ्याच वळणावर उजव्या पोटरीत गोळा आला. उतरून ढकलायला लागलो तर मांडी धरली, पाय दुमडेना, आणि सामानासकट सायकल माझ्या अंगावर आडवी. कसाबसा बाहेर सरकलो. जांभ्याच्या गडग्याला टेकून उलटी केली. डाव्या हाताची बोटं ब्रेक धरल्यासारखी वळलेली होती. ती उजव्या हाताने एकेक करून उघडली की परत मिटत. त्याची भीती वाटली. उलटीची नाही, बोटांची. फोनला रेंज होती. घरी फोन केला नाही, कारण बायको "परत ये" म्हणाली असती आणि मी आलो असतो.

अर्ध्या तासाने मासळीचा टेम्पो वर आला. ड्रायव्हरने काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. "एवढ्या उन्हात कशाला निघालात? टाका मागं." टाकली. थर्माकोलच्या खोक्यांमधून बर्फाचं पाणी चाकांवर ठिबकत होतं. मालगुंडला त्याने माझ्यासाठी कोकम सरबत सांगितलं, मीठ जास्त घालून, आणि पैसे घेतले नाहीत. हँडलच्या टेपला पुढे थेट वेंगुर्ल्यापर्यंत बांगड्याचा वास येत होता.

संध्याकाळी रत्नागिरीच्या लॉजवर पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकवायची पिशवी, रिकामं केलं. तळाशी ओआरएसची चार पाकिटं.

इथवर ठीक आहे. आजारी माणूस गाडीत बसला, त्यात काय एवढं? पण त्या रात्री मी स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणारं, मित्रांना दिसणारं ॲप) त्या राइडचे दोन तुकडे केले, मधला काढून टाकला आणि खाली लिहिलं, "कठीण दिवस, पण पार पडला." एका मित्राने तिसऱ्या दिवशी विचारलं, जयगडहून मालगुंडला उडत गेलास का? तेव्हा मी जीपीएसवर ढकललं. तुमच्या प्रश्नाचा राग येतो तो यामुळे. टेम्पोमुळे नाही. असं मला वाटतं.

आणि आणखी एक आहे. त्याच्या दोन वर्षं आधी वरंध घाटात एकाने सायकल एसटीच्या टपावर टाकली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मग घरूनच तिकीट काढायचं. त्याचा ताप 102 होता हे मला नंतर कळलं. नंतर कळलं असं मी सांगतो. तो आधीच म्हणाला होता, मला खरं वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी मुद्दाम जाऊन जयगडचा तो चढ चढून आलो. सकाळी सात वाजता, गार हवेत, बाटलीत लिंबू-मीठ घालून. एकदाही पाय टेकला नाही. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, मग आता ते धरायचं का?" मी हो म्हटलं. मग जेवताना नाही म्हटलं.