अवतरणचिन्ह उघडण्यापूर्वी

देवगड, श्रावण

कथेत संवाद किती असावेत आणि निवेदन किती असावे, हा प्रश्न बहुतेक वेळा प्रमाणाचा म्हणून विचारला जातो. पानभर संवाद झाले की थोडे वर्णन घालावे, वर्णन लांबले की कोणाला तरी बोलायला लावावे, असा सल्लाही सर्रास दिला जातो. आज दिवसभर एकाच प्रसंगावर काम करताना माझे मत अधिक पक्के झाले की हा तोल ओळी मोजून साधत नाही. पात्र तोंड उघडते त्या क्षणी वाचकाला काय ठाऊक असते, यावर तो ठरतो.

प्रसंग साधा आहे. गणपतीला माहेरी आलेली बहीण विसर्जनानंतर परत निघाली आहे आणि थोरल्या भावाला कलमांच्या बागेसाठी तिचे हक्कसोडपत्र हवे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि त्यानंतर आमच्याकडच्या कितीतरी घरांत हा कागद चतुर्थीच्या दिवसांत पुढे येऊ लागला, कारण मुंबईची माणसे एरवी एका छपराखाली सापडत नाहीत. तरीही तो विषय सहसा कोणी तोंडाने काढत नाही. बोलणे होते ते एसटीच्या वेळेचे, पावसाचे, सोबत किती नारळ बांधून द्यायचे याचे. इथल्या माणसांवर लिहायचे तर हे धरूनच लिहावे लागते की ज्या गोष्टीसाठी प्रसंग घडतो आहे, तीच गोष्ट प्रसंगातल्या बोलण्यात नसते.

अशा वेळी सगळी माहिती पात्रांच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. भाऊ बहिणीला म्हणतो, “तुका म्हायत आसा मा, बापाशीन कातळात सुरुंग लावन खड्डे मारल्यान आणि ही कलमा लावल्यान?” हे वाक्य ऐकायला खरे वाटते, बोलीही ठीक आहे, पण ते भाऊ बहिणीशी बोलतच नाही. तिला हे लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते वाचकाला, आणि वाचकाला सांगण्याचे काम निवेदकाचे आहे. दोन माणसे दोघांनाही माहीत असलेली गोष्ट एकमेकांना सांगू लागली की त्यांच्यातले नाते लगेच खोटे पडते. म्हणून वडिलांची ती सगळी वर्षे मी निवेदनातच ठेवली: जांभ्याच्या कातळात सुरुंग, खड्ड्यांत बाहेरून आणून भरलेली माती, डोक्यावरून वाहिलेले पाणी, आणि पहिला मोहोर येईपर्यंत कलमांच्या सावलीतही न बसलेला माणूस. चार वाक्यांत वीस वर्षे जातात. हे सामर्थ्य निवेदनाचेच आहे, कारण संवाद बोलण्याच्याच वेगाने चालतो आणि त्यात वर्षे आवळता येत नाहीत.

त्यानंतर मी निवेदनाचे आणखी एकच वाक्य ठेवले: “खिडकीतल्या पेटीवर टंकलेला कागद होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता.” मग संवाद.

“गाडी कितीक वाजता तुजी?”

“साडेपाचाक.”

“मगे येळ आसा. चाय घेवन जा.”

“चाय मगाशीच दिली वयनीन.”

या चार ओळींत बाग नाही, सही नाही, हक्क नाही. पण वाचकाला बाग माहीत आहे आणि अडकित्त्याखालचा कागद त्याने पाहिला आहे, म्हणून ‘येळ आसा’ हे शब्द तो चहाच्या संदर्भात ऐकत नाही. आधीचे निवेदन काढून टाकले तर याच ओळी निव्वळ गप्पा होतील, आणि संवादानंतर निवेदकाने येऊन “दादाला सहीबद्दल विचारण्याचे धैर्य झाले नाही” असे सांगितले तर त्या ओळींची गरजच उरणार नाही. निवेदनाने आधी द्यावे, नंतर उलगडू नये, एवढी शिस्त मी या प्रसंगापुरती पाळली आहे. “ती दुखावली”, “तो ओशाळला” अशी वाक्ये संवादाच्या मागे लावण्याची सवय मराठी कथेत फार जुनी आहे, आणि मला ती वाचकावरचा अविश्वास वाटते.

हा विचार करताना दोन गोष्टी सतत डोळ्यांसमोर होत्या, दशावतार आणि कीर्तन. दशावतारात कथानक आधी ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर उभे राहून ते रचत जातात आणि एकाने टाकलेला शब्द दुसरा उचलतो. रात्ररात्र हे ऐकत वाढलेल्या आम्हा लोकांना चटपटीत संवाद लिहिणे जड जात नाही. मात्र रंगमंचावर नटाचा चेहरा असतो, त्याची चाल असते, पखवाज असतो, राजाने मुकुट सावरण्यासाठी घेतलेला वेळ असतो. कागदावर यांपैकी काहीच नसते, आणि दशावतारातला संवाद जसाच्या तसा कथेत उतरवला तर निम्मे नाटक बाहेरच राहते. ते निम्मे निवेदनाने भरून काढायचे असते.

लेखकाने शिकावे ते कीर्तनकाराकडून, असे मला मनापासून वाटते. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान सुरू होते तेव्हा सांगणारा एकच असतो आणि सगळी पात्रेही त्याच्याच आवाजात बोलतात. वनवासाची वर्षे तो एका वाक्यात ओलांडतो, आणि मग एखाद्या क्षणी थांबून, अंगावरचे उपरणे सावरून, एकदम कैकेयी होतो. तो कैकेयी केव्हा होतो याकडे नीट लक्ष दिले तर ध्यानात येते की कोणीतरी वर मागतो आहे, शाप देतो आहे, वचन देतो आहे किंवा नाकारतो आहे, तिथेच तो पात्राच्या तोंडात शिरतो. बोलणे हीच जिथे कृती असते, जिथे शब्द उच्चारल्यानंतर आधीची स्थिती राहत नाही, तिथे संवाद. प्रवास, युद्ध, ऋतू, वाट पाहणे हे सगळे तो स्वतःच्या आवाजात सांगतो. चांगला कीर्तनकार कैकेयीतून बाहेरही वेळेवर येतो, हे शिकणे अधिक कठीण आहे.

मराठीत या दोहोंच्या मधली एक जागा आहे आणि ती आपण लेखक पुरेशी वापरत नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याची वाक्यरचना बदलत नाही, त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. माझ्या कथेत वहिनीला थेट संवाद एकही नाही, पण एक वाक्य आहे: वहिनीने आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की मी मधे पडणार नाही, तुमचे तुम्ही बघा. अवतरणचिन्ह नाही, नवी ओळ नाही, निवेदनाचा ओघही तुटलेला नाही, तरी वहिनीचा आवाज ऐकू येतो. महत्त्वाचे पण प्रसंग उभा करण्याइतके मोठे नसलेले बोलणे अशा वाक्यात ठेवले की अवतरणचिन्हे खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहतात.

बोलीचा प्रश्न वेगळा आणि माझ्यासाठी अधिक जिव्हाळ्याचा. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या दापोलीकडच्या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत चालते आणि माणसे आपल्या बोलीत बोलतात. ही वाट आता इतकी रुळली आहे की तिच्यातली जोखीम दिसेनाशी होते. निवेदन आणि संवाद यांची भाषाच वेगळी असली की प्रत्येक अवतरणचिन्हापाशी वाचक एका भाषेतून दुसरीत उतरतो. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला मालवणीच्या सलग दोन पानांत अर्थ जुळवतच पुढे जावे लागते, आणि अर्थ जुळवणारा वाचक न बोललेले ऐकू शकत नाही. कंसात अर्थ देणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने पात्राचे बोलणे नमुना म्हणून मांडल्यासारखे होते. मी मालवणी संवाद आखूड ठेवते आणि त्यांचा अर्थ लागेल अशी परिस्थिती आधीच्या निवेदनात तयार करते. गाडीची वेळ, निघालेली बहीण, चहा हे एकदा कळलेले असले की ‘साडेपाचाक’ कोणालाही अडत नाही.

‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ यांविषयी थोडेच लिहिते. प्रमाण मराठीत ‘येतो’ आणि ‘येते’ यांतूनच बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून नात्याची पायरी कळते, म्हणून दोघांच्या संवादात ही जोड पुष्कळदा गाळता येते. जिथे लागते तिथे साधे ‘म्हणाला’ पुरे. ‘उद्गारला’, ‘खेकसला’, ‘पुटपुटली’ ही क्रियापदे आली की संवादाचे काम निवेदनाने हिरावून घेतले असे समजावे.

आता दुय्यम निबंधक कार्यालयातला प्रसंग लिहायचा राहिला आहे. तिथे बाकावर बसून राहणे आहे, क्रमांक पुकारला जाणे आहे, कॅमेऱ्यासमोर बसणे आणि अंगठ्याचा ठसा देणे आहे. हे सारे मी निवेदनात घेणार आहे, कारण त्यात कोणाच्याही बोलण्याने काही बदलत नाही. पण नोंदणीच्या वेळी लिहून देणाऱ्याला दस्त कबूल आहे का, असे विचारले जाते, आणि त्या उत्तरावर वीस वर्षांच्या बागेचा निकाल लागतो. संपूर्ण प्रकरणात अवतरणचिन्ह एकदाच उघडायचे ते तिथे, हे मी ठरवले आहे. वहिनीला त्या दिवशी साक्षीदार म्हणून न्यावे की घरीच ठेवावे, हे मात्र अजून ठरत नाही. ती तिथे असेल तर परतीच्या रिक्षेत कोणीतरी काहीतरी बोलावेच लागेल, आणि पहिल्यांदा बोलण्याचा हक्क मग तिचा असेल.