म्हातारपाखाडी: माझगावातले एक गाव

हार्बर मार्गावरच्या डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून थोडे चालले की म्हातारपाखाडीची अरुंद गल्ली लागते. मी तिथे गेलो होतो तो काका बाप्टिस्टांचे गाव पाहायला. टिळकांचे हे सहकारी, जोसेफ बाप्टिस्टा, १८६४ साली इथे जन्मले. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग निघाली तेव्हा ते तिचे अध्यक्ष झाले आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. एका ख्रिस्ती बॅरिस्टराला अवघ्या महाराष्ट्राने ‘काका’ म्हणावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले होते. गल्लीत तासभर घालवल्यावर ते उरले नाही.

कौलारू छपरांची, लाकडी सज्ज्यांची, बाहेरून जिना चढवलेली घरे इथे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्या डोक्यावरून आजूबाजूचे टॉवर डोकावतात. मधल्या क्रूसापाशी लोक सांजेची प्रार्थना करतात. १८९६च्या प्लेगात त्यानेच पाखाडीला तारले, अशी इथली श्रद्धा आहे.

ही वस्ती ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. नावावरून हे लोक कुठून तरी आलेले वाटतात. प्रत्यक्षात मुंबई, साष्टी आणि वसईचे हे मूळ रहिवासी, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. पुढे नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांची आडनावेही तशीच पोर्तुगीज असल्याने, आपण निराळे आणि इथलेच आहोत हे सरकारला कळावे म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतले. भूमिपुत्र असल्याचे सांगण्यासाठी परक्या कंपनीचे नाव घ्यावे लागले, हे मला जरा बोचलेच.

एका ओट्यावर बसलेल्या आजींना मी, आज आठवले तरी लाज वाटते, “तुमची मातृभाषा कोणती?” असे विचारले.

“मराठीच की! दुसरी कुठली असणार?” त्या फणकारल्या, पण लगेच आत जाऊन बिअरची एक तपकिरी बाटली घेऊन आल्या. तिच्यात लालभडक मसाला ठासून भरलेला होता. पावसाळ्याआधी मिरच्या आणि बाकीचे जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि उजेड लागू नये म्हणून असल्या गडद बाटलीत दडपून भरायचे. म्हणूनच तो बॉटल मसाला. बूच काढताच मला जोराची शिंक आली. आजींचा राग तिथेच निवळला.