बे ट्रेल अपडेट: दोष उन्हाचा नव्हताच

परवा रात्री साडेअकराला पीडीएफ उघडी ठेवून झोपलो. सकाळी सहाला माउस हलवला आणि बाण हलला! तीन आठवडे हा मिनी लॅपटॉप मध्येच थिजत होता, रात्रभर टिकला तो पहिल्यांदा.

यंत्र तेच, मागच्या वेळचं, इंटेलच्या जुन्या 'बे ट्रेल' पिढीतल्या प्रोसेसरचं: अ‍ॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण). गल्लीतल्या अभ्यासिकेसाठी तीन मिनी लॅपटॉप उभे करायचे आहेत, त्यांतले दोन असे. ३२ बिट यूईएफआयचा अडथळा (प्रोसेसर ६४ बिटचा, पण यंत्र सुरू करणारं सॉफ्टवेअर ३२ बिटचं) डेबियन १२ या लिनक्स डिस्ट्रोमुळे गेला. ६४ बिटच्या इन्स्टॉलर इमेजमध्येच ३२ बिटचा बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) आहे, पेनड्राइव्हवर हातानं काही कोंबावं लागलं नाही. वायफायचं फर्मवेअरही इन्स्टॉलरनंच उचललं. त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो.

मग थिजणं सुरू झालं. स्क्रीन जागच्या जागी, कॅप्सलॉकचा दिवासुद्धा लागेना, पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, पाहावी तर शेवटची ओळ साधीसुधी, एररचा मागमूस नाही.

मे महिन्यातलं नागपूर, कूलर चालू असूनही टेबलाला हात लावला तर चटका, आणि या यंत्राला पंखाच नाही. संशय उन्हावर गेला. बर्डीच्या बाजारातून थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणारी गादी) आणून बदललं (घेताना जाडी मोजून घ्या, अंदाजानं घेतलेलं पॅड चिपला टेकतच नाही). फरक नाही. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालवली, रॅम निर्दोष. मग डेबियन काढून अँटिएक्स ही हलकी डिस्ट्रो टाकली, तीही थिजली. डिस्ट्रो बदलण्यात माझ्या चार रात्री गेल्या.

उलगडा झाला तो भलत्याच बाजूनं. ऊन कळस गाठतं त्या वेळी, दुपारी दोनला, प्रोसेसरच्या चारही कोअरवर स्ट्रेस (मुद्दाम पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) लावला. तीन तास, ७८ अंश, काही झालं नाही. स्ट्रेस बंद करून चहा घ्यायला गेलो, परत येतो तर थिजलेलं. राबताना ठणठणीत, रिकामं बसलं की गेलं. म्हणजे घोळ झोपेत!

काम नसलं की कोअर सी१, सी६, सी७ अशा खोल खोल झोपेत उतरतात, आणि बे ट्रेल त्यातून कधी कधी उठतच नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बगझिला या तक्रारवहीत १०९०५१ क्रमांकाची जुनी तक्रार हीच. ग्रब या बूटलोडरमध्ये मॅक्स_सीस्टेट=१ (सी१ पेक्षा खोल झोपू नको) हा पॅरामीटर टाकला आणि ती परवाची रात्र निभावली. काल रात्रीपुरतं यंत्र अभ्यासिकेत ठेवलं, आज परत आणताना तिथला पोरगा म्हणाला, "काका, रात्रभर चालू होता जी, एकदाबी नाही अडकला."

पण बॅटरी पाच तासांवरून साडेतीनवर आली. लाइट गेली की तिथे बॅटरीवरच भिस्त, त्यामुळे हे मला पटत नाही. इथवर लिहिलं आणि सुचलं: सगळी झोप कशाला तोडायची? लिहिणं थांबवून पॅरामीटर काढला, सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) सीपीयूआयडल फोल्डरमध्ये डोकावलो. झोपेच्या प्रत्येक अवस्थेला स्वतःची डिसेबल फाइल आहे. नावं सी१, सी६एन, सी६एस, सी७, सी७एस. चारही कोअरवर फक्त दोन्ही सी६ बंद केल्या, सी७ राहू दिली. अडीच तास झाले, यंत्र रिकामं पडून आहे आणि जिवंत आहे. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून दर वेळी आपोआप चालणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहितोय.

त्यामुळे बेत बदलला. तिन्हींवर अँटिएक्स टाकणार होतो. आता बे ट्रेलवाल्या दोघांवर डेबियन, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप आणि झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय). डेस्कटॉप हलका करून शे-दीडशे एमबी वाचतात, खरी रॅम ब्राउझर खातो. तिसरा, अॅटम एन२७० प्रोसेसरवाला, निव्वळ ३२ बिट आहे, आणि डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. तिथे अँटिएक्सच.

सी७ चालू ठेवून कुणाचा बे ट्रेल आठवडाभर टिकलाय का? कर्नलची आवृत्ती सांगा, मी तीच लावून बघतो.