सुडोला दिसतो, मला दिसत नाही

आजचा रविवार स्कॅनरने खाल्ला. बाबांचे जुने सातबारे नि फेरफार स्कॅन करायचे होते, फार तर अर्ध्या तासाचं काम. लिनक्सवर स्कॅनर लावला तर प्रोग्राम म्हणे, एकही स्कॅनर सापडला नाही. जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणारी एलएसयूएसबी ही आज्ञा चालवली, तर पठ्ठ्या यादीत हजर! केबल बदलली, पोर्ट बदललं. "झेरॉक्सवाल्याकडे दहा मिनिटांत झालं असतं," हे आईचं ऐकूनही झालं.

मग सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, स्कॅनइमेज ही स्कॅनिंगची आज्ञा चालवली आणि स्कॅनर लगेच सापडला. म्हणजे यंत्र ठीक, ड्रायव्हर ठीक, घोडं अडलंय परवानगीपाशी. लिनक्समध्ये यूएसबी यंत्र म्हणजे एक फाईलच. ती रूटच्या मालकीची, मला नुसती वाचायची मुभा. पण स्कॅनरला आज्ञा द्यायची तर त्या फाईलीत लिहावं लागतं ना!

चमोड ६६६ करून, म्हणजे ती फाईल सगळ्यांनाच वाचायची-लिहायची मुभा देऊन, मोकळी झाले. स्कॅन सुरू! चहा घेऊन आले, केबल काढून पुन्हा लावली आणि ये रे माझ्या मागल्या. यंत्र जोडलं की ती फाईल नव्याने तयार होते, जुनी परवानगी गेली.

शेवटी युडेव्हचा (यंत्र जोडलं की त्याची फाईल तयार करताना परवानग्या लावतो तो) एका ओळीचा नियम लिहिला: या व्हेंडर (कंपनी) आणि प्रॉडक्ट क्रमांकाचं यंत्र आलं की ते 'स्कॅनर' नावाच्या वापरकर्त्यांच्या ग्रुपला दे, मोड ०६६०, म्हणजे मालक आणि ग्रुपला वाचायची-लिहायची मुभा, बाकीच्यांना नाही. स्वतःला त्या ग्रुपमध्ये घातलं. नियम पुन्हा लोड केले, केबल पुन्हा लावली. तरी नाही! लॉगआउट करून परत आले तेव्हा कुठे ग्रुप लागू झाला. (हे मला माहीत होतं. दरवेळी विसरते.)

सातबारे झाले. फेरफार उद्या.