तुम्ही विचारलंत म्हणून : याला एक पट्टी, त्याला दोन का?

खानापूर, चिकोडी, निपाणीकडून बेळगावला येणारे नातेवाईक मोडलेल्या खालच्या जबड्याचा एक्स-रे हातात धरून मला विचारतात, "डॉक्टर, ह्याला एकच पट्टी आणि शेजारच्या खाटेवरच्याला दोन, असं का ओ?" प्रश्नामागे बिलाचा संशय असतो, तो मला लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मोडलेले हाड स्क्रूंनी धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या किती, हे हाड कुठे मोडले यावर ठरते. चावताना जबड्याच्या कोनापाशी, म्हणजे कानाखाली जबडा वळतो तिथे, वरच्या कडेवर ताण येतो आणि खालच्या कडेवर दाब. म्हणून स्ट्रासबूर्गचे शल्यचिकित्सक मॅक्सिम शाम्पी यांनी पट्टी कुठे बसवावी यासाठी १९७८ मध्ये मांडलेल्या रेषेवर तोंडातूनच बसवलेली एक लहान पट्टी तिथली फट उघडू देत नाही. हनुवटीपाशी हाडाला पीळही बसतो, आणि तो अडवायला एकीखाली एक अशा दोन लागतात.

शिकत असताना कोनावरही दोनच हव्यात, असा माझा आग्रह असे. अमेरिकेतील जबड्याचे शल्यचिकित्सक एडवर्ड एलिस यांच्या १९९० च्या दशकातील रुग्णांत मात्र कोनावर दोन लहान पट्ट्यांपेक्षा एकीने गुंतागुंत कमी झाली. तरीही माझ्यातल्या त्या विद्यार्थ्याला मी पुरता निरुत्तर करू शकलेलो नाही, कारण हाडाचे तुकडे झालेले दिसले की माझा हात आजही दुसऱ्या पट्टीकडे जातो.

"मोठी पट्टी भक्कम, तर ती सगळ्यांनाच का नाही?" हे मला एका वृद्धाच्या मुलीने विचारले होते. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, जबड्याची उंची १० मिलिमीटरच्याही खाली आली होती, आणि दुसऱ्या दवाखान्यात बसवलेली लहान पट्टी तुटल्यामुळे ते कित्येक आठवडे आंबिलीवर होते. इतक्या झिजलेल्या हाडाची टोके भार वाटून घेऊ शकत नाहीत, सगळा भार पट्टीलाच पेलावा लागतो. म्हणून मी जबड्याखाली बाहेरून छेद घेऊन २.४ मिलिमीटरची लॉकिंग पुनर्रचना पट्टी, म्हणजे सगळा भार पेलणारी मोठी पट्टी, बसवली. तिच्या स्क्रूंची डोकी पट्टीतच आटे धरतात, त्यामुळे ती हाडावर आवळून दाबावी लागत नाही आणि हाडाच्या पृष्ठभागाचा रक्तपुरवठा राखता येतो. हाड जुळले, ते मऊ भात खाऊ लागले. पण खालच्या ओठाचा एक कोपरा खाली ओढला जाईना. "आबांचं हसू वाकडं झालं की ओ," ती म्हणाली. त्या छेदाच्या वाटेवर खालचा ओठ हलवणारी नस (मज्जातंतू) असते, हे मी आधी समजावले होते, संमतिपत्रावरही होते. परंतु तिच्यासमोर ते कागद काढायला माझी जीभ रेटेना. काही महिन्यांनी हालचाल बरीच परतली, पूर्ण नाही. तशाच हाडाला मी आजही तीच पट्टी निवडीन. दात शाबूत असलेल्या तरुणाला मात्र तो छेद आणि त्या नसेचा धोका विनाकारण देणार नाही.

राहिला खर्च. साध्या अस्थिभंगात लॉकिंग लहान पट्टीचा वाढीव खर्च सुचवायला माझे मन अजून धजत नाही, कारण नेहमीची पट्टी हाडाच्या वळणाप्रमाणे नीट वाकवून आणि आधी दात जुळवून बसवली, तर तीही हाड धरून ठेवते.