अ‍ॅम्प विकला त्यानंतर

गेल्या वर्षी कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. माझा गिटारचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारं स्पीकरचं खोकं) वीस किलोचा. आमचा ऑर्केस्ट्रा सांगली-मिरजेच्या आसपास जत्रा, लग्नं, गणपतीतले कार्यक्रम करतो. टेम्पोत आधी ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड चढणार, मग उरलेल्या फटीत अ‍ॅम्प आणि मी. कीबोर्डवाला दोन वायरी खोचून चहाला जातो, आणि मी मात्र घामाघूम. म्हटलं, आपणही सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्येच वायर खोचू. अ‍ॅम्प विकून टाकला. आधी करून बघायला हवं होतं, पण तेवढी अक्कल असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

तालमीत गिटारची पी-३८, म्हणजे वायरीची जाड पिन, सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटात घातली. आवाज आला, पण गोधडीतून आल्यासारखा. पिकअपचा (तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा) सिग्नल अशक्त असतो, त्याला समोर साधारण १ मेगाओम रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटाचा आकडा असतो १०-२० किलोओम, म्हणजे कित्येक पटींनी कमी. तारेची सगळी चमक तिथंच गळते. कीबोर्डचं आउटपुट मुळात दणकट, म्हणून तो निवांत चहा पितो. यावर उपाय डीआय बॉक्स: एका बाजूनं गिटारची पी-३८ आत, दुसऱ्या बाजूनं तीन पिनांची कॅनन वायर बाहेर, ती मिक्सरच्या माइक इनपुटात. मी अ‍ॅक्टिव्ह घेतला. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम (माइकच्या वायरीतूनच येणारी वीज) द्यावा लागतो. साधं स्ट्रमिंग, आर्पेजिओ एकदम काचेसारखे स्वच्छ. मी खूश.

आणि त्याच खुशीत, डीआयच्या आधी डिस्टॉर्शनचं (आवाज मुद्दाम फाडणारं) पेडल लावून एका जत्रेत उभा राहिलो. पहिल्या लीडला, म्हणजे गिटारच्या एकट्याच्या तुकड्याला, मिक्सरवाला समोरून ओरडला, “ओ दादा, गिटार लई टोचतीया!” खरंच टोचत होती. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज. त्यानं ट्रेबल पार खाली आणला, तेव्हा माश्या गेल्या आणि गिटारही गेली.

मी इतकी वर्षं अ‍ॅम्पला ‘आवाज मोठा करायचं खोकं’ समजत होतो. पण गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढं जवळजवळ काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमधून वर जी करकर तयार होते, ती हा स्पीकर गाळून टाकतो. तो गाळणीचं काम करतो, आणि आपल्याला आवडतो तो आवाज या गाळणीखालचा. पीएच्या, म्हणजे लोकांसमोरच्या स्पीकरांच्या, टॉपमधला हॉर्न मात्र पंधरा-सोळा किलोहर्ट्झपर्यंत इमानेइतबारे सगळं ऐकवतो. गाळच लोकांच्या कानात. ही अडचण जुनीच. सॅन्सअ‍ॅम्प नावाचं पेडल याच कामासाठी १९८९ मध्ये आलं होतं.

मग एक मल्टिइफेक्ट युनिट घेतलं, ज्यात कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) आहे आणि आयआर फाइली घालता येतात. आयआर म्हणजे खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून घेतलेला त्याचा ठसा. युनिटला गिटारजोगा इनपुट आणि मागं कॅनन आउटपुट असल्यामुळे डीआय बॉक्सही कपाटात गेला.

घरी हेडफोन लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आवाज बनवले. काय भरदार! कार्यक्रमात तेच आवाज ढबढबीत, वरून कर्कश. हळू आवाजात कानाला खर्ज आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तेच अंगावर येतात. शेवटी मिक्सरवाल्याला वडापाव कबूल करून दुपारी तीनला मांडवात गेलो आणि त्याच्याच स्पीकरवर, कार्यक्रमाच्या आवाजात, सगळं नव्यानं केलं. खाली १०० हर्ट्झला कट, वर साडेपाच किलोहर्ट्झला कट, गेन निम्मा. एकट्यानं वाजवताना आवाज किडकिडीत वाटला, बँडमध्ये मात्र बरोबर बसला.

एके ठिकाणी ‘घूं’ सुरू झाली. युनिट स्टेजवरच्या बोर्डाला, मिक्सर लांब दुसऱ्या बोर्डाला, अर्थिंगचं कडं तयार झालेलं. युनिटवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, गेली. मांडवातला एक पोरगा मात्र प्लगची तिसरी पिनच काढायला निघाला होता. तसं कुणाला करू देऊ नका. गिटारच्या तारेवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी बसणारा झटका जीवघेणा असू शकतो. जनरेटरवरच्या कार्यक्रमात तर मी आधी टेस्टर लावतो.

सगळ्यात जास्त मुकलो ते पाठीमागच्या वाऱ्याला. अ‍ॅम्प होता तेव्हा पोटऱ्यांना आवाज लागायचा, सूर लांबवला की तार आपोआप थरथरत राहायची. आता मागं नुसता पडदा. माझा आवाज मिक्सरवाल्याच्या हातात आणि मला तो ऐकायचा मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवर आमच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमधून, ज्यात आधी गायिका, मग कीबोर्ड, आणि जमलं तर मी. दोन कार्यक्रम मी अक्षरशः अंदाजानं वाजवले. मग मिक्सरवाल्याला विनवून एक ऑक्झ (मिक्सरमधून वेगळी निघणारी वाट) स्वतःसाठी मागून घेतला, स्वतःचा छोटा मॉनिटर घेतला, आणि तो जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवला, कानाकडं तोंड करून. गायिका मात्र पहिल्या दिवसापासून खूश. तिच्या माइकमध्ये आता माझा अ‍ॅम्प शिरत नाही.

परवा एका हळदीत मॉनिटरमध्ये अप्रतिम ऐकू येत होतं. मी डोळे मिटून दोन लीड वाजवले. रात्री मेव्हण्यानं मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला: माझी बोटं पळतायत आणि गिटारचा आवाज शून्य. मिक्सरवाला माझा फेडर, म्हणजे लोकांकडं जाणाऱ्या आवाजाची सरकती पट्टी, उघडायलाच विसरला होता. ऑक्झ फेडरच्या आधी घेतलेला, म्हणून मला सगळं मिळत होतं, पाहुण्यांना काहीच नाही. कुणी तक्रारही केली नाही, हे आणखी.

आता पहिल्या गाण्याला पोराला समोर चौथ्या रांगेत बसवतो. गिटार ऐकू आली की तो हात वर करतो.