तुम्ही विचारलंत म्हणून: बियाणे कंपनीत असं काय पाहिलंत?

जर्मनीत वनस्पती प्रजनन शिकत असताना आमच्या वर्गाला गव्हाचे वाण तयार करणाऱ्या एका कंपनीत नेलं होतं. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पुस्तकात नाही असं तिथे काय पाहिलंत? लॅब, यंत्रं, डीएनए तपासणी, सगळं होतं. पण मला विचाराल तर ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणारा, टाकून काय देतो, ते पाहायला जावं.

संकर करणं सरावाने जमतं. गव्हाचं परागण फुलातल्या फुलातच होतं, म्हणून परागकोश हिरवे असतानाच प्रत्येक फुलातले तिन्ही चिमट्याने काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावायचे. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग बापाचं.

पुढच्या दुसऱ्या पिढीत हजारो झाडं उभी राहतात आणि एकाचा गुण दुसऱ्यात नसतो. आईबाप जिथे वेगळे होते तिथला मिश्रपणा, म्हणजे एकाच झाडात दोघांचंही असणं, दर पिढीला निम्मा होतो आणि झाड शुद्ध होत जातं: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, पाचव्या पिढीत सव्वासहाच्या आसपास. तोवर दरवर्षी छाटणी.

ती आम्ही तांबेऱ्याच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाच्या, प्लॉटवर पाहिली. तिथे रोगाला हमखास बळी पडणारा वाण मधल्या ओळींत मुद्दाम पेरतात, म्हणजे रोग सगळीकडे पोचतो. एका ओळीच्या पानांवर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे होते, बोट फिरवलं की हळदीसारखी भुकटी लागायची. अगदी शेजारची ओळ हिरवीगार. ब्रीडरबाई चालता चालता १ ते ९ गुण देत होत्या. इथे १ म्हणजे रोग नाही, ९ म्हणजे पान गेलंच. पुढे एक ओळ भरगच्च ओंब्यांची होती, आम्ही सगळे तिच्यापाशी थांबलो. त्यांनी ती बाद केली. ताट उंच आणि कमकुवत, पाऊस-वाऱ्यात लोळणार. मला फार वाईट वाटलं, पण कारण पटलं.

वेळ वाचवायची एक युक्तीही आहे, आणि ती मला अजून अद्भुत वाटते. गव्हाच्या फुलाला मक्याचे पराग लावतात. मक्याची गुणसूत्रं टिकत नाहीत, उरतो २१ गुणसूत्रांचा गव्हाचा भ्रूण. तो काढून काचेत वाढवतात, कोल्चिसिन नावाचं रसायन देऊन गुणसूत्रं दुप्पट, ४२ करतात. एका फटक्यात शुद्ध झाड! तरी ते चांगलं की वाईट हे शेतातच कळतं, आणि कंपनीची निवड संपल्यावर हिवाळी गव्हाला हानोव्हरच्या सरकारी वाण कार्यालयाची तीन वर्षांची चाचणी असतेच. संकरापासून बाजारापर्यंत साधारण दहा-बारा वर्षं जातात.

तुमच्या वर्गाची अशी भेट ठरत असेल तर जून मागून घ्या, ओंब्या आणि तांबेरा दोन्ही तेव्हा दिसतात. आणि बाद झालेल्या ओळींपाशी थांबून प्रत्येकीचं कारण विचारा.